नोकरी सांभाळून कलेची एम.ए.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत कलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसमोर बहुधा दोन मुदती छापलेल्या असतात : पूर्णवेळ एक वर्ष, अर्धवेळ दोन किंवा तीन वर्षे. वाचणारा सहज धरून चालतो, की पहिली मुदत खरी आणि दुसरी सवलतीची. ज्यांना नोकरी सोडता येत नाही, ज्यांच्या घरी लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे आहेत, त्यांच्यासाठी केलेली सोय. माझे म्हणणे असे, की चित्र, शिल्प, छायाचित्रण, लेखन, नृत्य अशा प्रत्यक्ष निर्मितीवर उभ्या असलेल्या एम.ए.ला अर्धवेळचा साचाच जास्त मानवतो. या टप्प्यावर येणाऱ्याच्या हाताला बऱ्यापैकी वळण लागलेले असते. घडायची असते ती स्वतःच्या कामाकडे पाहण्याची नजर. हात घडवायला रोजचे भरपूर तास लागतात. नजर घडायला तेवढेच तास मध्ये अंतर ठेवून मिळाले, तर ते जास्त उपयोगी पडतात.

आधी हे शिक्षण असते कसे ते पाहू. ब्रिटिश एम.ए. १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे दहा तास धरलेले असतात. म्हणजे एकूण १,८०० तास. पूर्णवेळ विद्यार्थी आठवड्याला नोकरीइतके तास देऊन ते वर्षभरात संपवतो. दोन वर्षांत वाटले, तर आठवड्याला अठरा ते वीस तास पडतात : सुट्टीचा एक अख्खा दिवस, दोन-तीन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ. यातले शिक्षकासमोर बसण्याचे तास थोडेच. बाकीचा सगळा वेळ स्वतःच्या कामाचा. सुरुवातीला आपण आजवर काय केले याची उलटतपासणी, मग संशोधनाच्या पद्धती आणि समकालीन कलेचा संदर्भ, आणि शेवटी एक मोठा प्रकल्प, अशी मांडणी बहुतेक ठिकाणी दिसते. प्रकल्प म्हणजे प्रदर्शन, हस्तलिखित, प्रयोग किंवा चित्रफीत, आणि त्यासोबत काही हजार शब्दांचे विवेचन. कुणाला मध्येच थांबावे लागले, तर साधारणपणे ६० क्रेडिटवर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका हातात पडते. संसारी माणसासाठी ही सोय लहान नाही.

हे विवेचन का लिहायचे, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटनमधल्या कलाशाळा दीर्घकाळ हस्तकौशल्याच्या शाळा होत्या. चित्रकार विल्यम कोल्डस्ट्रीम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६० साली अहवाल दिला, आणि त्यातून आलेल्या नव्या पदविकेत कलेचा इतिहास व पूरक अभ्यास सक्तीचा झाला. पुढे अनेक कलाशाळा पॉलिटेक्निकांत विलीन झाल्या आणि १९९२ च्या कायद्याने पॉलिटेक्निकांची विद्यापीठे झाली. विद्यापीठ म्हटले की संशोधन आले. मग चित्र काढणे हे संशोधन कसे, असा प्रश्न उभा राहिला. रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एका छोट्या निबंधात त्याची तीन भागांत फोड केली : कलेविषयीचे संशोधन, कलेसाठीचे संशोधन आणि कलेच्या द्वारे केलेले संशोधन. पहिले इतिहासकार करतात. दुसरे कलावंत नेहमीच करत आला आहे. माहिती, साहित्य, संदर्भ गोळा करून तो ते कलाकृतीत जिरवून टाकतो. तिसऱ्यात निर्मितीची प्रक्रिया हीच प्रश्न विचारण्याची रीत असते, आणि त्या प्रश्नातून काय निघाले ते इतरांना सांगता यावे लागते. आजच्या निर्मितीप्रधान एम.ए.चा पाया बराचसा या तिसऱ्या भागावर आहे.

अर्धवेळ शिक्षण ही मागाहून जोडलेली शेपटी आहे, हा समजही इतिहासापुढे टिकत नाही. लंडनमध्ये १८२३ साली कारागिरांसाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, तिचेच पुढे बर्कबेक झाले, आणि संध्याकाळी शिकवण्याची प्रथा तिथे आजही चालू आहे. १८५४ मध्ये वर्किंग मेन्स कॉलेज सुरू झाले, तेव्हा दिवसभर राबून आलेल्या सुतार-लोहारांना चित्रकला शिकवायला जॉन रस्किन जात असत. त्या शिकवण्यातूनच १८५७ चे त्यांचे ‘एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक तयार झाले. सुताराचा चित्रकार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. त्याला नीट पाहता यावे, हा होता. रेषा चांगली येण्यापेक्षा नजर तीक्ष्ण होणे त्यांना मोलाचे वाटे. १८९६ मध्ये निघालेल्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्सचे संध्याकाळचे वर्गही मुख्यतः हातव्यवसायात असलेल्यांसाठी होते, आणि तिथेच एडवर्ड जॉन्स्टन यांनी शिकवलेल्या सुलेखनामुळे इंग्रजी अक्षरकलेचे पुनरुज्जीवन झाले. विसाव्या शतकात ओपन युनिव्हर्सिटी आली. १९८७ मध्ये मायकल यंग यांनी ओपन कॉलेज ऑफ द आर्ट्स काढले. घरी बसून चित्रकला-छायाचित्रण शिकवणारी ही संस्था आता ओपन युनिव्हर्सिटीचाच भाग आहे. अमेरिकेत कवयित्री एलेन ब्रायंट व्हॉइट यांनी १९७६ मध्ये गॉडर्ड कॉलेजात लेखनाचा असा अभ्यासक्रम आखला, की विद्यार्थी वर्षातून दोनदा थोडे दिवस एकत्र राहायचे आणि उरलेला काळ घरी लिहून शिक्षकाशी पत्रव्यवहार करायचे. लिहिणाऱ्याचे आयुष्य जिथे चालते तिथेच त्याचे शिक्षण व्हावे, अशी ही जाणूनबुजून केलेली रचना होती.

आता मूळ मुद्द्याकडे. निर्मितीला वेळ लागतो असे आपण मोघम बोलतो. तो नेमका कुठे लागतो हे पाहिले पाहिजे. कुंभारकामाचे उदाहरण घ्या. शनिवारी चाकावर भांडे उतरवले, तर ते चामड्याइतके घट्ट व्हायला एक-दोन दिवस, मग बुडाचे जादा थर कोरून काढायचे, मग पुरते सुकायला आठवडाभर किंवा हवा दमट असेल तर जास्तच. पहिली भाजणी साधारण १,००० अंश सेल्सिअसला. नंतर ग्लेझ चढवून स्टोनवेअरसाठी दुसरी भाजणी १,२०० अंशांच्या वर, आणि त्यानंतर भट्टी थंड होईपर्यंत धीर. घाईने झाकण उघडले तर भांडे तडकलेच. महिनाभराने हातात येते ते भांडे मनातल्यापेक्षा निराळे असते : निळा हवा होता तिथे हिरवट, आणि काठाशी ग्लेझ ओघळून खाली साचलेले. हे फसले की साधले, हे त्याच दिवशी कळत नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्याची तोवर पुढची सहा भांडी रांगेत असतात आणि मूल्यमापनाची तारीख जवळ आलेली असते. म्हणून तो हिरवट रंगाला चूक ठरवून मोकळा होतो. अर्धवेळ शिकणाऱ्याच्या टेबलावर तेच भांडे तीन आठवडे पडून राहते. येता-जाता ते दिसत राहते, आणि एखाद्या दिवशी त्या ओघळाचेच पुढचे काम होते.

या ‘पडून राहण्या’ला अभ्यासकांनी नाव दिले आहे. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ च्या ‘द आर्ट ऑफ थॉट’मध्ये निर्मितीच्या विचाराचे चार टप्पे मांडले : तयारी, उबवण, प्रकाश आणि पडताळणी. उबवणीच्या काळात माणूस त्या प्रश्नावर जाणीवपूर्वक काम करत नसतो. उट ना सिओ आणि थॉमस ओर्मेरॉड यांनी २००९ मध्ये ११७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. मध्ये विश्रांती घेतल्याने प्रश्न सुटायला मदत होते, आणि एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे शोधायच्या कामात ती जास्त होते, असे त्यांना आढळले. इथे एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतल्या विश्रांती मिनिटांच्या असतात, आठवड्यांच्या नसतात. त्यामुळे या आढाव्यावरून अर्धवेळ एम.ए. चांगली असे थेट सिद्ध होत नाही. एवढे मात्र म्हणता येते, की कामापासून दूर गेलेला प्रत्येक तास वाया गेला, हे गृहीतक चूक आहे. पूर्णवेळ शिक्षणाची श्रेष्ठता त्याच गृहीतकावर उभी असते.

दुसरा आधार वर्गातच सापडतो. कलाशाळांत ज्याला ‘क्रिट’ म्हणतात, ती बैठक या शिक्षणाचा कणा आहे. एकाची पाच-सहा चित्रे भिंतीवर लावतात, बाकीचे भोवती उभे राहतात. अनेक ठिकाणी असा दंडक असतो, की पहिली दहा-पंधरा मिनिटे चित्रकाराने तोंड उघडायचे नाही. इतरांनी आपल्याला काय दिसते तेवढेच सांगायचे. आवडले की नाही ते नंतर. कुणी म्हणते, नजर सारखी त्या रिकाम्या खुर्चीकडे जाते. कुणाला खुर्ची दिसतच नाही, त्याला मागची भिंत भरून टाकणारी वाटते. चित्रकाराला जे सांगायचे होते ते कुणालाच दिसलेले नसते. एमआयटीतले डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये असाच एक प्रसंग बारकाईने उलगडला आहे : पेट्रा ही वास्तुकलेची विद्यार्थिनी उताराच्या जागेवर शाळेची इमारत बसवताना अडते, आणि तिचे शिक्षक क्विस्ट तिच्या रेखाटनावर पारदर्शक कागद ठेवून, बोलता बोलता, नव्याने काढत जातात. करता करता विचार कसा करायचा हे तिथे शिकवले जाते. पण ते ऐकून लगेच दुसऱ्या दिवशी कागद पुढे ओढला, तर विद्यार्थी बहुधा शिक्षकाचेच म्हणणे चितारतो. दहा जणांची मते एकमेकांत मिसळून, त्यातली निम्मी गळून, उरलेली आपली होण्यासाठी मधले दिवस लागतात. ते दिवस अर्धवेळच्या वेळापत्रकात आपसूक असतात.

यावर पहिला आक्षेप आपल्याच परंपरेतून येईल. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास रियाज करावा, तेव्हा कुठे सूर लागतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याने कलेच्या वाटेला जाऊ नये. हा आक्षेप जिथे लागू आहे तिथे पुरता खरा आहे. गळा, बोटे, पाय तयार होण्याच्या वयात अर्धवेळ शिक्षण अपुरेच पडते. पण पदव्युत्तर टप्पा त्यानंतरचा आहे. शिवाय आपल्या परंपरेचे हे एकच रूप नाही. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीत घराण्याबाहेरच्या माणसापर्यंत नेण्यासाठी. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत, महाराष्ट्रात असंख्य लोकांनी शाळा, नोकरी आणि संसार सांभाळूनच दिल्या. त्यातून सगळे मैफलीचे गवई झाले नाहीत, पण महाराष्ट्राचा जाणता श्रोता आणि गावोगावचा संगीतशिक्षक घडण्यात या परीक्षांचा मोठा वाटा आहे. तेव्हा नोकरी करून कला शिकणे आपल्याला परके नाही. फरक इतकाच, की तिथे ठरलेला अभ्यासक्रम आत्मसात करायचा असतो आणि इथे प्रश्न विद्यार्थ्यानेच आणायचा असतो.

दुसरा आक्षेप लिहिण्यावर. चित्रकाराने चित्र काढावे, त्याचे स्पष्टीकरण कशाला? निबंधाच्या धाकाने चित्रे शहाणी आणि निर्जीव होतात, असे कलाशाळांतले लोकही म्हणतात, आणि सिद्धान्तांची नावे पेरलेली काही विवेचने वाचली की ते पटतेही. पण वाईट विवेचन हा विवेचनाविरुद्धचा पुरावा होत नाही. याचे उत्तर मराठीतच आहे. प्रभाकर बरवे जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून १९६१ मध्ये विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आधी वाराणसीत आणि मग मुंबईत, आणि पुढे बराच काळ हातमागाच्या कापडासाठी नक्षी करत त्यांनी आपली चित्रे घडवली. वाराणसीतल्या मुक्कामात तांत्रिक चित्रांशी आलेला संबंध त्यांच्या कामात उतरला. ते रोजनिशा लिहीत, आणि १९९० च्या सुमारास मौजेने काढलेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये त्यांनी आकार, अवकाश आणि वस्तू यांविषयी जे लिहिले, ते चित्रांचे स्पष्टीकरण नाही; चित्राइतकाच तोही शोध आहे. एका बरव्यांवरून सगळ्यांचा नियम बांधता येणार नाही. मात्र नोकरी, चित्र आणि चित्राविषयीचे लेखन एकाच माणसात एकमेकांना मारत नाहीत, एवढे दाखवायला हे उदाहरण पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप : हे सगळे पदवीशिवायही होईल. चार मित्र जमवा, दर महिन्याला एकमेकांचे काम पाहा, पुस्तके वाचा. विद्यापीठाला पैसे कशाला? हे बरेचसे मान्य करावे लागेल. अभ्यासक्रमांची जाहिरात करणारे यशस्वी माजी विद्यार्थ्यांची नावे पुढे करतात. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये सर्जनशील लेखनाची एम.ए. सुरू झाली आणि पहिलाच विद्यार्थी इयन मॅकइवन निघाला, हे खरे. पण निवडूनच हुशार विद्यार्थी घेतले, तर त्यांच्या यशाचे श्रेय अभ्यासक्रमाला किती द्यायचे, हे कसे ठरवणार? पदवीची बाजू याहून साध्या गोष्टींवर उभी आहे. मित्रमंडळ तोंडदेखले बोलते, बाहेरचा परीक्षक बोलत नाही. मित्रमंडळात तारीख पुढे ढकलता येते. छापखाना, भट्टी, अंधारखोली, ध्वनिमुद्रणाचा कक्ष घरी उभारता येत नाही. आणि महाविद्यालयात शिकवायचे किंवा पीएच.डी. करायची असेल, तर कागद लागतोच. यांपैकी कशाचीच गरज नसलेल्याने पदवीच्या फंदात न पडणेच शहाणपणाचे.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत जड आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ साली शुल्काची मर्यादा वाढली, आणि त्यानंतर अर्धवेळ पदवी शिक्षणाकडे वळणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. कर्जाच्या भीतीने आधी प्रौढ माणूसच मागे सरतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी २०१६ पासून सरकारी कर्ज मिळते. सुरुवातीला ते कमाल १०,००० पौंड होते, आता १२,००० च्या पुढे आहे, आणि अर्धवेळ विद्यार्थ्यालाही मिळते. पण त्यात शुल्क आणि राहणे दोन्ही भागवायचे असते. दुसरीकडे, २०२१ मध्ये कलाविषयांसाठी विद्यापीठांना मिळणारे खास अनुदान दर पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे २४३ पौंडांवरून १२१.५० पौंडांवर आणले गेले. भट्टी आणि छापखाना चालवणाऱ्या विभागांना हा फटका सोसवणारा नव्हता. या आक्षेपाला शिक्षणशास्त्राचे उत्तर नाही. अर्धवेळ शिकणाऱ्याचा पगार चालू राहतो एवढाच दिलासा; आणि नेमक्या त्याच कारणासाठी, कलाशिक्षण फक्त सुखवस्तू तरुणांचे राहू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी अर्धवेळ वर्ग आधी वाचवायला हवेत.

भारतातून तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनी एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षणासाठी ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मिळू शकतो, पण त्यावर काम करता येत नाही. म्हणजे नोकरी सांभाळून शिकण्याचा मूळ हेतूच बाद होतो. ही वाट खरी मोकळी आहे ती तिथे स्थायिक झालेल्या किंवा कामाच्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसांना. लंडन-लेस्टरमध्ये संगणकावर दिवस घालवून रात्री लिहिणारे किंवा शनिवार-रविवारी भरतनाट्यम शिकवणारे यांत येतात. भारत आणि ब्रिटन यांच्यात २०२२ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आहे. तरी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पदवी घेऊन इथे शिकवायचे असेल, तर ती ग्राह्य धरतील का, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावे. आणि अर्धवेळ शिक्षणाचा खरा धोकाही ओळखावा : काम भिजत घोंगडे होऊन पडते. मधले अंतर नजरेला उपयोगी पडते ते परत येण्याची तारीख ठरलेली असली तरच. म्हणून अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टींची चौकशी करावी : क्रिट किती आठवड्यांनी होते, कार्यशाळा संध्याकाळी आणि शनिवारी उघडी असते का, आणि अर्धवेळ विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट आहे की त्यांना पूर्णवेळ वर्गात जागा सापडेल तिथे बसवतात.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखे आहे. जे.जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे स्वतःचे अभ्यासक्रम आखायचे स्वातंत्र्य आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये क्रेडिट साठवून ठेवणारी ॲकॅडमिक बँक सुरू केली आणि २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. अर्धवेळ करायला मोकळीक दिली. जी सवलत संशोधनाला चालते, ती त्याआधीच्या पायरीला नाकारण्याचे कारण दिसत नाही. शाळेतले चित्रकला शिक्षक, जाहिरात कंपन्यांतले रेखाटनकार, हौशी रंगभूमीवर वीस वर्षे घालवलेले बँक कर्मचारी, यांचा हात तयार आहे. त्यांना हवी आहे ती संध्याकाळी उघडी असलेली कार्यशाळा, स्पष्ट बोलणारे परीक्षक आणि विवेचन मराठीत लिहिण्याची मुभा. याला नव्या इमारतींची गरज नाही. आहेत त्याच इमारतींचे दिवे सहानंतर चालू ठेवण्याचा आणि परीक्षकांना संध्याकाळचे मानधन देण्याचा निर्णय पुरे.